शुगर पुन्हा वाढली, आता डॉक्टरांना काय तोंड दाखवू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५४, सहा एकर वावर, कापूस-तूर आणि विहिरीच्या पाण्यावर हरभरा. सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.६ होती. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, पथ्य आणि चालणं यांवर ती वर्षभरात ६.३ वर आली. "नॉर्मल झाली" म्हणून दीड वर्षापूर्वी त्यांनी गोळ्या सोडल्या आणि ओळखीतल्या एकाचा काढा धरला. आता उपाशीपोटी २४८ आणि एचबीएवनसी १०.४. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, तीन महिन्यांत वजन पाच किलोनं उतरलं, नजर धुरकट झाली. गुडघ्यांसाठी बाजारातून पुड्या आणतात. दिवसाला दोन-तीन खर्रे (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) होतात. वैशाखात मुलीचं लग्न आहे, म्हणून रिपोर्ट घरी दाखवलेला नाही. ते विचारतात: "भाकरीच खातो, वावरात राबतो, तरी असं का झालं? डॉक्टर रागावतील. दोन महिने कडक पथ्य पाळून, साखर खाली आणून मगच त्यांच्याकडे जावं म्हणतो. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं पडून आहेत, ती सुरू करू का? इन्सुलिन मात्र नको. एकदा लागलं की सुटत नाही."

भाऊ, ती दोन महिन्यांची मुदत आधी खोडून टाका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि हाच खराब रिपोर्ट घेऊन जा.

१०.४ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या रक्तातली साखर सरासरी २५० च्या आसपास होती. पण मला त्या आकड्यापेक्षा उतरलेल्या पाच किलोंची जास्त काळजी वाटते. पथ्यानं वजन कमी होणं वेगळं आणि नेहमीसारखं जेवूनही अंग वाळत जाणं वेगळं. इन्सुलिन पुरं पडत नसलं की साखर लघवीवाटे वाहून जाते आणि शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळू लागतं. "वेचणीच्या कामानं वाळलो" अशी समजूत करून घेऊ नका. या अवस्थेत नुसतं पथ्य पुरत नाही. त्यात उलटी, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास किंवा गुंगी यांपैकी काही सुरू झालं, किंवा मशीनवर साखर सारखी ३०० च्या वर दिसू लागली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिवाय तुमचा बेत हिशेबातही बसत नाही. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. दोन महिने कोरडी भाकरी खाल्लीत तरी रिपोर्टात जुनी साखर दिसणारच.

मुख्य प्रश्न डॉक्टरांच्या रागाचा नाही. तुम्ही खरं सांगितलं नाही तर औषधाचा डोस चुकतो. गोळ्या दीड वर्ष बंद आहेत हे लपवलंत, तर डॉक्टर समजतील की चालू औषध कमी पडतंय, आणि त्यावर दुसरं-तिसरं औषध चढवतील. तुम्ही घाबरून ते सगळं नियमानं घ्याल आणि वावरात साखर खाली जाऊन पडाल. म्हणून खोलीत शिरल्या शिरल्या सांगून टाका: "दीड वर्षापासून गोळ्या बंद आहेत. हा काढा घेत होतो. ही पुडी घेतो." पुढची तपासणी कोणत्या दिशेनं जाईल हे त्यावरच ठरतं. एखादे डॉक्टर बोलतीलही चार शब्द. बोलू द्या.

आता "बरं झालं होतं, परत उलटलं" या समजुतीकडे येऊ. ६.३ ही साखर गोळ्या चालू असतानाची होती. तो आजार ताब्यात होता, गेला नव्हता. औषध पूर्ण बंद केल्यावरही निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिली, तरच आजार शमला असं म्हणतात, आणि तेव्हाही दरवर्षी तपासावं लागतं. गोळ्या सोडणं हा गुन्हा नव्हे, काहींच्या गोळ्या डॉक्टरच कमी करतात. पण सोडल्यावर तीन महिन्यांनी तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. नाहीतर ७ च्या आसपास असतानाच हे लक्षात आलं असतं.

आणि मधली चांगली वर्षं वाया गेली असं समजू नका. इंग्लंडकडे १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, नव्यानं मधुमेह झालेल्या पाच हजारांहून जास्त लोकांमध्ये असं दिसलं की सुरुवातीची वर्षं साखर चांगली ठेवणाऱ्यांना त्याचा फायदा पुढेही मिळत राहिला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी दहा वर्षांनी पहिल्या गटात हृदयविकाराचे झटके कमी होते. तुमच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना त्या वर्षांचा फायदा झालेलाच आहे.

पण ६.३ वरून १०.४ पर्यंत जाण्याचं सगळं खापर गोळ्या सोडण्यावर फोडू नका. दुसरी कारणं शोधल्याशिवाय औषध सुरू केलं तर ते अर्धंच काम करतं.

मला पहिला संशय त्या पुड्यांचा येतो. बिननावाच्या कागदी पुडीनं एका दिवसात गुडघा हलका होत असेल, भूक वाढत असेल, चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू लागला असेल, तर तीत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. स्टेरॉइडनं साखर जोरात वाढते, विशेषतः दुपारनंतर, त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची तपासणी त्यामानानं बरी दिसते आणि फसवते. मात्र महिनोन् महिने रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. अचानक तोडलं की रक्तदाब पडतो, माणूस गळून जातो. उरलेली पुडी तशीच्या तशी खिशात घालून डॉक्टरांना दाखवा. काढ्याची बाटलीही न्या.

दुसरं कारण टीबी. मधुमेह असला की टीबीची शक्यता दोन-तीन पटीनं वाढते, आणि टीबी झाला की साखर आवरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरणं, यांतलं काही असेल तर थुंकी तपासून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. तिसरं, तोंड. खर्ऱ्यानं हिरड्या सुजतात, दात हलतात, आणि हिरडीतला तो जंतुसंसर्ग साखर वर ठेवतो. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील तर आधीच उशीर झालाय, दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तंबाखू रक्तवाहिन्याही अरुंद करतो. मधुमेहानं पायाच्या शिरा आधीच बाधलेल्या असतात, त्यात ही भर. एकदम सुटत नसेल तर पानठेल्यावरून एका वेळी एकच आणा, घरात साठा नको.

आणि चौथं, रात्रीची लाइन. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वीज येते, तुम्ही बहुधा बारा ते पहाटेपर्यंत वावरात, जेवण कधी नऊला तर कधी साडेअकराला, मधे चार कप गोड चहाही होत असेल. झोप मोडली की इन्सुलिनचा असर कमी होतो, हे शरीराचं गणितच आहे. लाइनची वेळ तुमच्या हातात नाही. पण त्या आठवड्यात जेवण आणि गोळी संध्याकाळी सातलाच उरकणं, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा नेणं आणि सकाळी तीन तास सलग झोपणं तर जमेल.

घरातली जुनी पाकिटं? स्वतःहून सुरू करू नका. त्या एकाच गोळीत दोन औषधं आहेत आणि दोन्हींची अडचण वेगळी. मेटफॉर्मिन दीड वर्षानंतर एकदम जुन्या डोसानं घेतलं तर जुलाब आणि मळमळ होते. मग माणूस "सोसत नाही" म्हणून पुन्हा सोडतो. ते ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्यायचं असतं. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं लागतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर डोस कमी करावा लागतो, फार मंदावलं असेल तर ते देतच नाहीत. ग्लिमेपिराइडचा धोका निराळा. ते पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं. गोळी घेऊन, न जेवता डवरणीला गेलात तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते.

तपासण्यांचं सांगतो. एचबीएवनसी झालेलीच आहे. जेवणानंतर दोन तासांची साखर, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्ट्रॉल, रक्तदाब, पायांची तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. डोळ्यांची मागे ठेवू नका. खूप वाढलेली साखर झपाट्यानं खाली आणली तर पडद्यावरचा जुना बिघाड काही काळ वाढू शकतो, म्हणून पडदा कसा आहे हे आधी कळायला हवं. नजर धुरकट झाली म्हणून चष्मा मात्र आत्ता करू नका. साखर बदलली की डोळ्यातल्या भिंगाचा नंबर बदलतो. साखर स्थिरावून महिना-दीड महिना होऊ द्या, नाहीतर चष्म्याचे पैसे वाया.

इथे सगळ्याच वाचकांसाठी एक गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल बरंच आहे. ज्यांना सिकलसेल आहे किंवा जे वाहक आहेत, त्यांच्यात एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. रक्त फार कमी असलेल्यांचंही तसंच. अशांनी डॉक्टरांना तसं सांगावं आणि बोटावरच्या तपासण्यांवर भर ठेवावा.

खर्चाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथे जी तपासणी होत नाही तिच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकला चिठ्ठी मागा. उपकेंद्रातल्या आशाताईंना सांगून ठेवलंत तर कोणत्या दिवशी कोण बसतं ते कळतं, आणि फेरी वाया जात नाही.

आता इन्सुलिन. १०.४ आणि वजनातली घट पाहता डॉक्टर ते सुचवू शकतात, त्यासाठी मनाची तयारी ठेवा. साखर फार दिवस चढी राहिली की त्या साखरेमुळेच स्वादुपिंडाच्या पेशी मंदावतात. काही आठवडे बाहेरून इन्सुलिन दिलं की त्यांना विसावा मिळतो आणि बऱ्याच जणांना पुन्हा गोळ्यांवर येता येतं. सगळ्यांचं सुटतंच असं नाही. आजाराला जितकी वर्षं झाली तितकी शक्यता कमी. पण "एकदा लागलं की सुटत नाही" ही समजूत बहुधा ज्यांनी फार उशिरा सुरू केलं त्यांच्याकडे पाहून झालेली आहे.

लागलंच, तर दोन गोष्टी पाठ करा. एक, सुई. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० च्या ताकदीचं असतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० च्या ताकदीसाठी. ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात फक्त ४ युनिट जातात. १०० चं लाल सिरिंजमध्ये भरलं तर १० च्या जागी २५ जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवा. दुसरी गोष्ट साठवण. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. वापरात काढलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे चालते. पण आपला वैशाख ४५ अंशांचा! फ्रीज नसेल किंवा लाइन जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडकं रोवायचं, बाटली झाकणाच्या डबीत घालून त्यात ठेवायची, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. वाळू रोज सकाळ-संध्याकाळ भिजवायची.

"भाकरीच खातो" याबद्दल. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट पदार्थ असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. ज्वारी चांगलीच, भातापेक्षा सावकाश पचते, पण मोजायची. एकदा भाकरीला घेतलेलं पीठ काट्यावर तोलून पाहा. गावाकडची थोराड भाकरी ८० ते १०० ग्रॅमची भरते. दोन भाकरी आणि वर वरण-भात म्हटलं की एका बैठकीला दीडशे ग्रॅमच्या वर पिष्ट पोटात जातं. मी म्हणेन, एका जेवणाला एक भाकरी, किंवा अर्धी भाकरी आणि मूठभर भात. ताटाचा अर्धा भाग भाजीचा: अंबाडी, मेथी, चवळी, वांग्याचं भरीत, दोडकी. तुरीचं वरण पातळ नको, घट्ट वाटीभर. झुणका चालेल, पण तेलाची धार आवरून. आधी भाजी-वरण, मग भाकरी, असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. नागपुरी संत्रं एक खा, रस पिऊ नका. उपवासाला साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, भगरही मोजूनच खायची. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही. आणि चहा: दिवसाला पाच कप धरले, तर प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर. पत्रात तुम्ही चहाचा उल्लेखच केलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

वावरातली मेहनत हा व्यायामच. फक्त ती वर्षभर सारखी नसते. वेचणी, निंदण, फवारणीत अंग मोडेस्तोवर काम, आणि पऱ्हाटी उपटली की दोन-अडीच महिने पारावर बैठक. जेवण मात्र दोन्ही काळात तेवढंच. त्या रिकाम्या महिन्यांत दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाललात तरी फरक पडतो.

घरी मशीन असेल तर रोज सकाळची एकच साखर पाहून स्ट्रिप संपवू नका. आठवड्यातून दोन दिवस जोडीनं तपासा: जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. एकदा सकाळचं जेवण, एकदा रात्रीचं. कोणतं ताट साखर चढवतं ते त्या जोडीतूनच कळतं. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत हे बहुतेकांचं लक्ष्य असतं, तुमचं डॉक्टर ठरवतील. हात धुवून, कोरडे करून मगच टोचा. संत्रं सोललेल्या बोटावर साखर कितीही दाखवेल. स्ट्रिपची डबी दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका, उन्हानं स्ट्रिप खराब होतात.

औषध सुरू झालं की वावरात जाताना खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. हातपाय कापणं, एकदम भूक, चक्कर, डोकं न चालणं ही साखर उतरल्याची खूण. घामही येतो, पण उन्हात काम करणाऱ्याला तो वेगळा ओळखू येत नाही, तिथेच फसगत होते. शंका आली की काम थांबवून साखर खा, पंधरा मिनिटं सावलीत बसा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच खा, मग जेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतायचं नाही, सरळ १०८ ला फोन. ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून "आता बरं आहे" म्हणून एकट्यानं वावरात राहू नका. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी दिली, तर उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या, आणि उलटी, जुलाब किंवा उपास असेल त्या दिवशी ती घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवा.

पायांबद्दल थोडक्यात. अनवाणी वावरात शिरायचं नाही. रात्री कंदिलाऐवजी टॉर्चच्या उजेडात तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहा, दिसत नसेल तर आरसा धरा. काटा मोडला आणि दुखलं नाही, तर ती चांगली गोष्ट समजू नका. तळव्याची जाणीव गेली असेल तर एमसीआर रबराची मऊ चप्पल मागा.

घरी सांगण्याचा प्रश्न उरला. वैशाखातल्या लग्नासाठी तुम्ही लपवताय, पण साखर उतरून तुम्ही विहिरीपाशी पडलात तर साखर भरवणारं माणूस घरातलंच लागेल, आणि त्याला आजार माहीतच नसेल. निदान तुमच्या पत्नीला आजच सांगा. पीठ मोजणं, वरण घट्ट करणं त्यांच्या हातात आहे. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक लावू नका. वर सांगितलेलं ताट सगळ्या घराला चालतं. तुमच्या मुलांनाही या आजाराची जोखीम आहे, तेव्हा त्यांनीही तेच खाल्लेलं बरंच.

आत्ता औषध सुरू झालं तर पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी, म्हणजे फाल्गुनात होईल. लग्नाच्या आत तुमच्याकडे नवा आकडा असेल. प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी मुहूर्त लांबतो आणि यजमानाचं जेवण सर्वांत शेवटी होतं, म्हणून जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. सकाळी घरून थोडी भाकरी-भाजी खाऊन निघा, खिशात साखरेची पुडी ठेवा, आणि पंगतीत तुम्हाला वेळेवर बसवायची जबाबदारी एखाद्या पुतण्यावर आधीच सोपवून ठेवा.